हळदीच्या कुकरात धुणं

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत आमच्या घरचं धुणं एकदाही संपलेलं नाही.

ही अतिशयोक्ती नाही. मी शेतकरी माणूस आहे. अतिशयोक्ती फक्त पिकाचा अंदाज सांगताना करतो. (तीही पेरणीच्या वेळी. काढणीच्या वेळी आपोआप खरं बोलायला लागतो.) पण धुण्याच्या बाबतीत देवाशपथ सांगतो, पाऊस संपतो, पीक संपतं, निवडणुकासुद्धा संपतात, आमचं धुणं संपत नाही. सिंधू, म्हणजे माझी बायको, दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला अंगणात जाते, तेवढ्यात न्हाणीत नवा ढीग तयार असतो.

घरात माणसं सहा. मी, सिंधू, माझी माय आणि तीन पोरं. पण दोरीकडे पाहिलं तर कोणालाही वाटेल की इथे एखादी आश्रमशाळा चालते. मोठा पोरगा दिवसातून तीनदा कपडे बदलतो. धाकटा बदलतच नाही, पण एका जोडीत तीन जोड्यांचा मळ जमवून आणतो. मुलगी तर आरशापुढे नुसते अंगाला लावून पाहिलेले कपडेही धुण्यात टाकते. मायचं नऊवारी लुगडं पिळायला दोन जण लागतात. एका टोकाला सिंधू आणि दुसऱ्या टोकाला खुंटी.

आणि मग मी. सगळ्यांत वाईट मीच. कारण मी हळद पिकवतो.

केनवडच्या बाजूला आमचा मळा आहे. बांधाच्या कडेनं वांगी, मिरच्या, सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मध्ये हळद. हळद काढायला लागली, की दोन-अडीच महिने आमच्या घरात पांढरं असं काही उरत नाही. टॉवेल पिवळे, उशा पिवळ्या, बनियनं पिवळी. आमचं मांजर मूळचं पांढरं होतं, असं माय सांगते.

पोरांच्या हट्टापायी आम्ही रिसोडहून कपडे धुवायचं मशीन आणलं होतं. ते मी मारलं. शेतातली पँट खिसे न तपासता आत टाकली आणि खिशात हळकुंडं होती. मशीननं दोन-चार आचके दिले, जळका वास सोडला आणि प्राण सोडला. दुरुस्तीवाल्यानं आतून एक हळकुंड काढून, डॉक्टर मुतखडा दाखवतो तसं माझ्यासमोर धरलं.

"भाऊ, हे मशीन कपड्याचं होतं का मसाल्याचं?"

नवीन मशीन हळद विकल्यावर, असं ठरलं. म्हणजे ऐन हंगामात, जेव्हा घरातला प्रत्येक धागा पिवळा, तेव्हाच सिंधू दगडावर आली. रोज सकाळी अंगणातून कपडा आपटल्याचा आवाज यायचा. बाकीच्यांना तो धप्‌-धप्‌ ऐकू येई. मला 'वसं-ता, वसं-ता' असा ऐकू यायचा. (सिंधू माझं नाव घेत नाही. दगड घ्यायचा.)

एक दिवस न राहवून मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"सिंधू, मी काही मदत करू का?"

"करा ना. मळवू नका."

बस्स. एवढंच. भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण तिनं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण दुसरी भाकर घेताना लाज वाटली.

त्यातच धम्मपालच्या घरी लग्न निघालं.

धम्मपाल आमचा शेजारी आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त. वाशीमला सरकारी नोकरीत आहे, रोज जाऊन-येऊन करतो. त्याचा मुलगा प्रशिक, त्याचं लग्न गावातल्याच विहारात रविवारी. आठवडाभर आधी त्याची बायको, रत्नावहिनी, आमच्या ओसरीवर आल्या. हातात पिशवी होती. बसल्या, पाणी प्यायल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या,

"भाऊ, तुमाले माहीत हाय, मले पाठचा भाऊ नाही. प्रशिकचा मामा म्हनून तुमी उभे राहसान का?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वहिनी, हे काय इचारनं झालं?"

"आता वहिनी नाही म्हनाचं," त्या म्हणाल्या. "ताई म्हना."

त्यांच्याकडे लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं. पिशवीत माझ्यासाठी पांढरा सदरा-पायजमा होता आणि सिंधूसाठी पांढरं पातळ, निळ्या बारीक काठाचं. सिंधूनं त्यात आपण होऊन भर घातली. प्रशिकचा नवीन शिवलेला कुर्ता-पायजमा आणि ताईचं स्वतःचं पातळ, हेही तिनं मागून घेतलं. कोरं कापड एकदा पाण्यातून काढून, खळ घालून, इस्त्री करायची म्हणाली. सिंधूची खळ आमच्या गल्लीत नावाजलेली आहे. तिनं खळ घातलेला सदरा माणसाविना उभा राहतो.

सगळे पांढरे कपडे तिनं एका धुतलेल्या चादरीत बांधले आणि आतल्या खोलीत, हळदीपासून लांब, खुंटीला टांगले.

"हे पाहा," मला म्हणाली, "घरातलं सारं पिवळं होऊ द्या, हिरवं होऊ द्या. पन या गठोड्याले हात लावू नका. शनिवारी मी सोता धुईन."

शुक्रवारी तिला बचत गटाच्या बैठकीसाठी वाशीमला जायचं होतं. बसची वेळ झाली. निघताना तिनं न्हाणीतल्या ढिगाकडे पाहिलं. चार दिवसांचा ढीग! खिडकी अर्धी झाकली होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. पायात चपला सरकवल्या आणि गेली.

ती नजर घेऊन मी मळ्यात आलो.

मळ्यात हळद शिजवणं चालू होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हळद शिजवायच्या यंत्राला आमच्याकडे कुकर म्हणतात. एका टाकीत पाणी उकळतं, त्याची वाफ नळ्यांतून दोन मोठ्या लोखंडी ड्रममध्ये जाते, ड्रममध्ये ओली हळद. अर्धा तास वाफ दिली की हळद शिजते. मग ड्रम तिरपा केला, की सगळा माल धडाधड खाली ताडपत्रीवर. हा कुकर चालवायला संतोष नावाचा गडी आहे; काम चोख, तोंड त्याहून चोख.

मी बांधावर बसून वाफेकडे पाहत होतो. पांढरी, गरम, फुकटची वाफ. आणि एकदम मला माझ्या लहानपणची परटाची भट्टी आठवली! सोड्याच्या पाण्यात बुडवलेले कपडे तो भट्टीवर रचायचा, खालून वाफ द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी धोतरं कशी निघायची? बगळ्याच्या पंखासारखी!

मी उभाच राहिलो. अंगावर काटा आला. मोठमोठ्या शोधकांना असंच होत असेल.

"संतोष, हा ड्रम रिकामा झाला की धुऊन काढ."

"काहून भाऊ? पुढचा माल टाकाचा हाय ना."

"पुढचा माल मी घेऊन येतो."

मोटरसायकलवर दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत अंथरुणं, टॉवेल आणि पोरांचे कपडे. माय मळ्यातच बाजेवर बसून बेण्याची हळद निवडत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"वसंता, हे काय आनलं रे?"

"धुनं आनलं माय. भट्टी लावतो."

"भट्टी! आन् पोलीस आले मंग?"

"तशी भट्टी नाही वो माय. कपड्याची."

"तुया बापानं असं कधी केलं नाही," माय म्हणाली आणि परत हळद निवडायला लागली. (माझ्या बापानं बऱ्याच गोष्टी केल्या नाहीत. आता मला त्याचं शहाणपण कळतं.)

दुसऱ्या खेपेला घरी गेलो. ढीग भरला. निघताना आतल्या खोलीत खुंटीवर ते गठोडं दिसलं. मी थांबलो. म्हटलं, सगळं धुणं आपण केलं आणि एवढं एक तिच्यासाठी ठेवलं, तर त्यात काय माणुसकी? वाशीमहून थकून येईल आणि पुन्हा दगडावर बसेल? रविवारी मामा म्हणून कोण उभं राहणार? मी. मग भाच्याचे कपडे मामानं धुतले तर बिघडलं कुठे?

पण सिंधूनं बजावलं होतं, गठोड्याला हात लावू नका. मी शब्दाचा पक्का माणूस. हात लावला नाही. काठीनं खुंटीवरून उचललं आणि जसंच्या तसं मोटरसायकलच्या हँडलला अडकवलं.

मळ्यात संतोषनं ड्रममध्ये पाइपानं पाणी मारून ठेवलं होतं.

"धुतला का रे नीट?"

"धुतला भाऊ. पन पिवळा हाय तो हाय."

"तो लोखंडाचा रंग आहे."

"लोखंड पिवळं असते काय?"

"असतं कधी कधी. तू वाफ सोड."

आता वाचक म्हणतील, हळद पिकवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये? मीही तेच म्हणतो. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे बगळे उडत होते. खाली अंथरुणं घातली, त्यावर पोरांचे कपडे, त्यावर मायची लुगडी आणि सगळ्यात वर, मानाच्या जागी, ते पांढरं गठोडं, बांधलेलंच. धुण्याचा सोडा घरात होता तेवढा सगळा बादलीत कालवून वरून ओतला. झाकण लावलं. हळदीला अर्धा तास लागतो. पण माणूस हळदीपेक्षा जास्त मळलेला असतो, या हिशेबानं मी वेळ दुप्पट दिला.

तोवर बातमी पसरली होती. हळद वेचणाऱ्या बाया हातातलं काम टाकून आल्या. पलीकडच्या शेतातले दोघे-तिघे आले. संतोषनं विचारलं, "भाऊ, पाडू काय?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाड!"

ड्रम तिरपा झाला. वाफेचा मोठा लोट उठला आणि आमच्या घरचं सगळं धुणं धबाधबा ताडपत्रीवर पडलं. वाफ हळूहळू विरली.

पुढे सरकलेल्या बाया दोन पावलं मागे सरल्या.

सगळं धुणं तांबडं होतं. नुसतं तांबडं नाही, कुंकवासारखं तांबडं! आणि त्यात नवल काहीच नव्हतं. हळदीवर सोडा पडला की ती लाल होते, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुंकू तसंच करतात. त्या दिवशी मी एका दमात सहा माणसांचं कुंकू केलं होतं.

माय बाजेवरून उठून आली. काठीनं ढीग उलथापालथा केला.

"आन् हे वरचं गठोडं कायचं?"

गाठ सुटेना. संतोषनं दातांनी सोडली. चादर बाहेरून लाल होती. आत प्रशिकचा कुर्ता, दोन पातळं आणि माझा सदरा-पायजमा. सगळे केशरी.

संतोषनं वाकून पाहिलं आणि तज्ज्ञासारखं म्हणाला, "भाऊ, आतून कमी शिजलं."

मी मोटर चालू केली आणि पांढरे कपडे, म्हणजे जे कधीकाळी पांढरे होते ते, हौदात ढकलले. काय आश्चर्य! पाण्यात पडताच लाली उतरायला लागली. "गेला! रंग गेला!" मी ओरडलो. लाल रंग गेला, हे खरं. आतून पिवळा निघाला. म्हटलं, साबणानं घासू. घासला. पुन्हा लाल! पाण्यात खंगाळला. पुन्हा पिवळा! पुन्हा साबण, पुन्हा लाल. मी घामाघूम होऊन घासतोय आणि संतोष हौदाच्या कठड्यावर बसून रंग सांगतोय.

"लाल... पिवळा... लाल... पिवळा... भाऊ, आता हिरवा आला की आपुन निघू!"

आमच्या मळ्यापाशी बस हात दाखवला की थांबते. त्या दिवशी कोणी हात न दाखवता थांबली. खिडकीतून सिंधूला ताडपत्री दिसली होती.

ती बांधावरून आली तेव्हा मी हौदात गुडघाभर पाण्यात, हातात भाच्याचा पिवळाजर्द कुर्ता घेऊन उभा होतो. बाया आपोआप कामाला लागल्या. संतोषला कुकरचा एकही बोल्ट ढिला नसताना बोल्ट आवळायची आठवण झाली.

सिंधूनं लाल ढीग पाहिला. चालेल, असं काहीतरी तिच्या तोंडावर दिसलं. मग माझ्या हातातला कुर्ता पाहिला.

"हे... खुंटीवरचं गठोडं हाय?"

"मी हात नाही लावला," मी म्हणालो.

"मंग?"

"काठीनं काढलं."

ती मायच्या शेजारी बाजेवर बसली. मला वाटलं आता बोलेल, रडेल, निदान एखादं हळकुंड फेकून मारेल. पण ती एवढंच म्हणाली,

"त्या माउलीनं तुमाले भाऊ म्हनलं. आता तिले सांगाले कोन जाईन?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. मी हौदातून बाहेर आलो.

धम्मपालच्या दारात मांडव उभा राहिला होता. तो खुर्चीवर चढून माळा बांधत होता. मी ओल्या पायजम्यानं, काखेत पिवळा कुर्ता घेऊन मांडवात शिरलो.

"ये रे वसंता. हे टोक धर."

"धम्मपाल, खाली उतर."

"काहून?"

"उभ्यानं ऐकशीन तं पडशीन."

तो उतरला. मी कुर्ता उलगडला. त्यानं कुर्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कुर्त्याकडे पाहिलं.

"लेका, आमी हळदीचा कार्यक्रमच ठेवला नव्हता. तू कापडालेच लावून आनली काय?"

त्याला हसू फुटणार होतं, पण तेवढ्यात रत्नाताई बाहेर आल्या आणि त्याचं हसू तिथेच थिजलं. मी सगळं सांगितलं. मशीन, वाफ, बगळे, काहीच लपवलं नाही. ताईंनी कुर्ता हातात घेतला, नाकाला लावला.

"हळदीचा वास येते," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टेलर गावाले गेला हो भाऊ. सोमवारी येईन."

दुकानातून तयार घ्यावा, तर तेही शक्य नव्हतं. प्रशिक ताडासारखा उंच. तयार सदऱ्याच्या बाह्या त्याच्या कोपरापाशीच दम तोडतात. म्हणजे रविवारी साऱ्या पांढऱ्या मांडवात एकटा नवरदेव पिवळा! आणि त्याच्या शेजारी, त्याला पिवळा करणारा मामा!

"ताई," मी म्हणालो, "तुमी दुसरा कोनी मामा पाहा. मी मागं बसीन."

ताईंनी कुर्ता माझ्या हातात परत दिला आणि त्या आत गेल्या. मी घरी आलो ते मान खाली घालूनच. दाराची चौकट कपाळाला लागली, तेव्हा घर आल्याचं कळलं.

सिंधू चुलीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर फतकल मारली.

"सिंधू, काही उपाय नाही का?"

"तुमीच सांगा. तुमी हळदीतले मोठे जानकार."

"चेष्टा नको करू."

"चेष्टा कायची? दरसाल पॉलिश केलेली हळद जरा उन्हात राह्यली का गड्याईच्या आंगावर कोन धावते? 'उन्हात ठेवू नका रे, रंग उडते, रंग उडते!' सारं केनवड ऐकते तुमचा आवाज." तिनं भाकर तव्यावर टाकली. "मंग उडवा ना रंग. ठेवा उन्हात!"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. वीस वर्षं मी ज्या उन्हापासून हळद वाचवली, तेच ऊन आता मला वाचवणार होतं. आणि ऊन म्हणाल, तर ते वऱ्हाडात उधार मागावं लागत नाही.

शनिवारी सूर्य उगवायच्या आधी मी मळ्यात हजर होतो. पाण्यानं धुतलेली ताडपत्री अंथरली. (ती मी तीनदा धुतली. संतोष म्हणाला, "चौथ्यांदा धुसान तं फाटन.") त्यावर ओले कपडे पसरले. मध्यभागी कुर्ता-पायजमा, बाजूला दोन्ही पातळं आणि माझा पायजमा. मळ्यातले लिंबू पिळले, पाणी शिंपडलं, आणि हळद पसरायच्या फावड्यानं कपडे वरखाली करायला निघालो. सिंधू ओरडली, "फावडं ठेवा! हातानं!" तेव्हापासून दिवसभर मी गुडघ्यांवर. शिंपडायचं, पलटवायचं, वाळलं की पुन्हा भिजवायचं, पुन्हा पलटवायचं.

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण गाडी थांबवत होता.

"वसंतभाऊ, यंदा सदऱ्याले काय भाव?"

"बियानं कोन्तं लावलं होतं?"

"नवरदेव आत हाय का उफनून गेला?"

मला फक्त कुर्त्याची कॉलर दिसत होती. भरदुपारी, डोकं भणभणत असताना, कॉलरचा कडक पिवळा रंग लोण्यासारखा झाला. मग तिसऱ्या प्रहरी दुधावरच्या सायीसारखा.

तेवढ्यात बांधावर कोणीतरी आलं. रत्नाताई! उद्या घरात लग्न आणि ही बाई आज एवढ्या उन्हात चालत मळ्यात आली होती. त्या ताडपत्रीजवळ बसल्या. कुर्ता पाहिला, पातळ पाहिलं. मग एक लिंबू घेतलं आणि बाहीवर पिळायला लागल्या. मी इकडून, त्या तिकडून. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा ओला रुमाल काढला आणि माझ्यासमोर धरला.

"डोक्यावर घ्या भाऊ. उद्या मामा काळा दिसन."

मी रुमाल डोक्यावर घेतला आणि तोंडावर जरा जास्तच ओढला. लिंबाचं पाणी डोळ्यांत गेलं होतं, असं मी सिंधूला नंतर सांगितलं.

संध्याकाळी कुर्ता पांढरा झाला. दोन्ही पातळंही झाली. सिंधूनं खळ घातली, इस्त्री फिरवली. कुर्ता प्रशिकशिवाय उभा राहिला. माझा सदरा मात्र मी प्रायश्चित्त म्हणून सगळ्यात शेवटी टाकला होता. ताडपत्रीवर जागा उरली नव्हती, म्हणून पाण्याच्या पाटाकाठच्या गवतावर अंथरला होता. अंधार पडता पडता आठवण झाली, तेव्हा जाऊन उचलला. पाहिलं तर छान पांढरा! घडी घालून ठेवला.

रविवारी सकाळी सिंधू लवकरच लग्नघरी गेली. मी अंघोळ केली, सदरा चढवला, आरशात पाहिलं. छाती पांढरी, बाह्या पांढऱ्या, कॉलर पांढरी. आरशाला आणि मला, दोघांनाही बरं वाटलं.

विहाराचं अंगण भरलं होतं. सगळीकडे पांढरेच कपडे, कापसाच्या वावरात आल्यासारखं वाटत होतं. प्रशिक त्याच्या कुर्त्यात असा उभा होता, की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. रत्नाताईंनी मला पाहिलं आणि हात धरून थेट पुढे नेऊन उभं केलं, अगदी पहिल्या रांगेत. माझ्या मागे सारं गाव. पुढे फुलं वाहिलेल्या प्रतिमा, मेणबत्त्या, अगरबत्त्या. माझा ऊर भरून आला. परवा वाटलं होतं सगळं संपलं; आणि आज मी मामा!

लग्न लावणाऱ्यांनी सांगितलं, "सर्वांनी पंचांग प्रणाम करावा."

मी गुडघे टेकले, तळवे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. मनापासून. कोणाहूनही जास्त वेळ. मागे कुठेतरी खुदकन आवाज झाला. मग दोन ठिकाणी झाला. मग पोट्ट्यांची एक रांग फिस्कारली.

शेजारून सिंधू दातांतून कुजबुजली, "आवो, पाठ!"

"काय पाठ?" मी जमिनीला कपाळ लावूनच विचारलं.

"पाठ दिसून राह्यली!"

"वाकल्यावर दिसनच ना!"

"पिवळी हाय! पलटवला नाही काय सदरा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, उन्हापेक्षा लखलखीत. दिवसभर मी साऱ्या जगाचे कपडे पलटवले होते, पण गवतावरचा माझा सदरा? तो टाकला तसाच उताण्याचा पालथा न होता पडून होता! वरची बाजू बगळा, खालची हळकुंड! आणि मी पहिल्या रांगेत, साऱ्या गावाकडे पाठ करून, वाकलेला.

आता उठावं की नको? उठलो तर पाठ दिसणार, नाही उठलो तरी पाठच दिसणार. शेवटी माझ्या खांद्यावर हात आला. रत्नाताई होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उठा भाऊ. राहू द्या. मामा दुरून ओळखू आला पायजे."

धम्मपाल मागून म्हणाला, "कार्यक्रम ठेवला नाही, तरी हळद कोनालेतरी लागलीच!"

जेवणाच्या पंगतीत मी भिंतीला पाठ लावून बसलो. तरी वाढणाऱ्यांनी पाठ पाहायला आग्रहानं उठवलंच.

घरचं बाकीचं धुणं? ते लाल-पिवळं झालेलं सगळं पुन्हा धुवावं लागलं. म्हणजे एका दिवसाच्या मदतीत मी सिंधूचं काम बरोबर दुप्पट करून दिलं. यावेळी मात्र ती बाजेवर बसली आणि दगडावर मी. ती वरून सांगत होती, "खिसे पाहा. खिसे पाहा आधी." आठवड्याभरानं मी विचारलं, "संपलं का आता?" तर ती दोरीकडे बोट दाखवून हसली. त्या वेळी धाकटा नुकताच शेतातून आला होता.

लग्नाचा अल्बम आला तेव्हा ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यातला एक फोटो त्यांनी मोठा करून ओसरीवर लावला आहे. फोटोवाल्यानं मागून, उंचावरून काढलेला. अख्खं गाव प्रणाम करतंय, पांढऱ्या पाठींच्या रांगाच रांगा, आणि पहिल्या रांगेत मधोमध एक पिवळी. त्या फोटोत माझा चेहरा अजिबात दिसत नाही. पण 'यातले तुम्ही कोणते?' असं आजवर मला एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही.